मूस सेट होत नाही, ताई!

मागच्या अंकात कॉफी-चॉकलेट मूसची, म्हणजे फेटून हलक्या केलेल्या गार गोडाची, कृती दिली आणि त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी दुसरा विषय घ्यायला जागाच उरली नाही. काहींनी फोटोही पाठवलेत. काही पाहून भूक लागली, काही पाहून पाठवणाऱ्याची दया आली. पत्रं वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. बिघडलेल्या बहुतेक मूसमध्ये कृतीत नसलेलं काहीतरी जादा पडलं होतं. कुणी जिलेटिन घातलं, कुणी कॉर्नफ्लोअर, एकीने तर दोन्ही.

ज्यांच्या हाताशी तो अंक नाही त्यांच्यासाठी कृती थोडक्यात पुन्हा देते. डार्क चॉकलेट १५० ग्रॅम, पाकिटावर ५५ ते ६० टक्के कोको लिहिलेलं. गरम पाणी ६० मिली, त्यात विरघळवलेली २ छोटे चमचे इन्स्टंट कॉफी. थंडगार व्हिपिंग क्रीम २०० मिली. चिमूटभर मीठ. चॉकलेट बारीक चिरून कॉफीसकट एकाच भांड्यात घ्यायचं आणि डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून, हलवत वितळवायचं. खाली उतरवून कोमट होऊ द्यायचं. क्रीम मऊसर फेटून तीन हप्त्यांत त्यात हलक्या हाताने मिसळायचं, वाट्यांत भरायचं, तीन-चार तास फ्रिजमध्ये. सहा लहान वाट्या होतात. एवढंच आहे. आता पत्रं.

प्रश्न : ताई, कृती अगदी तंतोतंत केली, तरी मूस रात्रभर फ्रिजमध्ये ठेवूनही पातळच राहिला. चमच्यातून ओघळतो. पुढच्या वेळी जिलेटिन घालू का? की चायना ग्रास बरं? – ओघळलेली

उत्तर : दोन्ही नको. चॉकलेटमध्ये कोको बटर असतं आणि ते साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणजे तोंडात विरघळतं, फ्रिजमध्ये दगड होतं. मूस घट्ट व्हायला लागतं ते सगळं त्या वडीतच असतं. वरून क्रीममधली स्निग्धता गारव्याने घट्ट होते ती वेगळीच. एवढं असताना तिसऱ्या कुणाला बोलवायची गरज काय? जिलेटिन घातलं की मूस रबरी होतो, जिभेवर विरघळायच्या ऐवजी दाताखाली हलतो. शिवाय ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात, शाकाहारी मंडळींनी हे आधी लक्षात घ्यावं. चायना ग्रास शाकाहारी आहे, पण ते उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि कोमट झालं रे झालं की घट्ट व्हायला लागतं. गार क्रीमशी गाठ पडताच त्याचे जेलीसारखे कण होतात. मूस कुठे राहिला मग?

तेव्हा पातळ का राहिला ते शोधू. पहिला संशय क्रीमवर. तुम्ही ‘क्रीम’ एवढंच लिहिलंय, कुठलं ते लिहिलं नाहीत. पाकीट उलटं करून बघा. फॅट २५ टक्के असेल तर ते ग्रेव्हीत किंवा फळांवर घालायचं क्रीम. त्यात फेस धरून ठेवण्याइतकी स्निग्धता नसते. तासभर फेटलंत तरी बुडबुडे येतील आणि जातील. फेटायच्या क्रीममध्ये किमान ३० टक्के फॅट हवं, ३५ असेल तर काम सोपं. दुधावरची साय साठवून फेटाल तर तिचं लोणी निघेल, मूस नाही.

दुसरा संशय घाईवर. चॉकलेट गरम असताना क्रीम घातलं तर फेटून आत कोंडलेली हवा जागच्या जागी निघून जाते. मनगटाच्या आतल्या बाजूला एक थेंब टाकून बघा. गरम लागता कामा नये आणि गारही. थर्मामीटर असेल तर ३५ ते ४० अंश.

तिसरं, मिल्क चॉकलेट वापरलंत का? अनेकांनी वापरलंय आणि पत्रात सांगितलेलं नाही, फोटोतल्या रंगावरून कळतं. चालतं, पण प्रमाण बदलावं लागतं. २०० ग्रॅम चॉकलेट घ्या आणि पाणी ४० मिलीवर आणा. त्यात कोको कमी आणि साखर-दूध जास्त, म्हणून १५० ग्रॅमचं मिल्क चॉकलेट १५० ग्रॅम डार्कचं काम करत नाही.

आणि आत्ता फ्रिजमध्ये जो ओघळतोय तो टाकू नका. वाट्या झाकून चार-पाच तास फ्रीजरमध्ये ठेवा. आइस्क्रीमच्या जवळपास जाणारं काहीतरी मिळेल आणि पाहुण्यांना काही सांगायची गरज नाही.

प्रश्न : मूस चवीला छान झाला, पण तोंडात कणी लागते. – कणीवाली

प्रश्न : माझ्या मूसमध्ये लोण्याचे बारीक गोळे दिसतात. असं का? – फेटून फेटून दमलेला

प्रश्न : कॉफी वाळूसारखी चरचरते. इन्स्टंट नव्हती म्हणून फिल्टर कॉफीची पूड घातली. – चरचरीत

उत्तर : तिघांना एकत्रच उत्तर देते, कारण कणीला ‘कणी’ म्हणून भागत नाही, ती कुठली आहे हे आधी ओळखावं लागतं.

तपकिरी, कडक आणि जिभेवर ठेवली की विरघळणारी कणी असेल तर ती चॉकलेटची. चॉकलेट फार गार झालं होतं, किंवा क्रीम थेट फ्रिजमधून काढून एकदम सगळं ओतलं. गार क्रीम लागताच कोको बटर जागच्या जागी गोठलं. यासाठीच पहिला हप्ता लहान घ्यायचा, पाव भाग, आणि तो बिनधास्त जोरात मिसळायचा. त्यातली हवा गेली तरी चालेल, त्याचं काम चॉकलेट सैल करणं एवढंच. उरलेलं मग जपून. झालेल्या मूसमधली ही कणी काढता येत नाही. मुद्दाम घातली म्हणून सांगा.

पांढरट, तुपकट गोळे म्हणजे क्रीम जास्त फेटलं गेलं. क्रीममधल्या स्निग्धतेचे थेंब फेटताना एकमेकांना अर्धवट चिकटतात आणि हवेच्या बुडबुड्यांभोवती जाळं धरतात. फेटत राहिलात की ते पूर्ण चिकटतात आणि लोणी सुटतं. केकवर लावायला क्रीम जेवढं कडक करता तेवढं मूससाठी करायचंच नाही. बीटर उचलला की टोक उभं राहून लगेच मान टाकतं, तिथे थांबा. मिसळताना ते आणखी घट्ट होतं, हे बरेचजण हिशेबात धरत नाहीत. नुकतंच खरखरीत दिसायला लागलं असेल तर दोन-तीन चमचे पातळ गार क्रीम घालून हातानेच हळू ढवळा, सावरतं. पाणी वेगळं झालं असेल तर मात्र ते लोणीच, पावावर लावा. आणि दादा, तुम्ही ‘फेटून फेटून दमलेला’ अशी सही केलीत त्यातच उत्तर आहे. एवढं दमायचं नव्हतं.

चरचरीत ताई, फिल्टर कॉफीची पूड म्हणजे भाजून दळलेल्या बिया, ती विरघळत नाही. इन्स्टंट कॉफी म्हणजे तयार केलेली कॉफी वाळवून केलेली पूड, म्हणून ती पाण्यात नाहीशी होते. तुमच्याकडे फिल्टर कॉफी असेल तर तिचं दाट डिकॉक्शन ६० मिली काढा आणि गरम पाण्याऐवजी तेच घाला. पूड थेट कधीच नाही.

प्रश्न : चॉकलेट सुंदर वितळलं होतं. एक चमचा कॉफी घातली आणि डोळ्यांदेखत त्याचा घट्ट गोळा झाला, चिखलासारखा. १५० ग्रॅम चॉकलेट वाया गेलं. – हळहळलेली

उत्तर : टाकलंत की काय? टाकायला नको होतं.

चॉकलेट म्हणजे साखरेचे आणि कोकोचे अतिशय बारीक कण स्निग्धतेत तरंगत असतात. पाणी त्यात जवळपास नसतंच. चमचाभर पाणी आत गेलं की साखरेचे कण ओले होतात, चिकट होतात आणि बाकीच्यांना धरून बसतात. तोच तुमचा गोळा. पाणी आणखी घातलं तर साखर नीट विरघळते आणि सगळं पुन्हा सैल होऊन चकचकीत सॉस होतो. १०० ग्रॅम चॉकलेटला २५-३० मिलीपेक्षा कमी पाणी म्हणजे धोका, त्याच्या वर सुरक्षित. आपल्या कृतीत १५० ग्रॅमला ६० मिली आहे आणि ते पहिल्यापासून चॉकलेटबरोबरच असतं, म्हणून गोळा व्हायची वेळच येत नाही. तुम्ही चॉकलेट वेगळं वितळवलंत आणि कॉफी चमच्याचमच्याने घातलीत, तिथे घोळ झाला. पुढच्या वेळी असा गोळा झालाच तर घाबरून थांबू नका, उरलेली गरम कॉफी घाला आणि ढवळत राहा.

नुसतं चॉकलेट वितळवताना मात्र एक थेंबही नको. वरचं भांडं खालच्या पातेल्यापेक्षा मोठं घ्या म्हणजे वाफ कडेने आत येत नाही. पाणी खदखदू देऊ नका आणि भांड्याचा तळ पाण्याला टेकू देऊ नका. डार्क चॉकलेट ५० अंशांच्या वर न्यायचं कारणच नाही. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर २०-३० सेकंदांचे टप्पे करून प्रत्येक वेळी ढवळा. चॉकलेट वितळलं तरी त्याच्या तुकड्यांचा आकार तसाच दिसत राहतो. ‘अजून झालं नाही’ म्हणून पुन्हा लावलं की करपतं, आणि करपलेल्याला मात्र उपाय नाही.

प्रश्न : ताई, मी कॉलेजला आहे. खोलीवर बीटर नाही, क्रीम मिळत नाही, अंडी चालत नाहीत. फक्त चॉकलेट, कॉफी, एक शेगडी, एक व्हिस्क आणि बर्फ आहे. काही होईल का? – खोलीवरचा

उत्तर : तुझं पत्र या ढिगातलं माझं सगळ्यात आवडतं. तुझ्याकडे जे नाही ते लागतच नाही.

एर्व्हे तीस नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहेत, स्वयंपाकघरात नेमकं काय घडतं याचा अभ्यास करणारे. त्यांनी असं मांडलं की क्रीम म्हणजे पाण्यात विखुरलेली स्निग्धता, ती गार करून फेटली की फेस धरते. मग चॉकलेट पाण्यात वितळवलं तर तेही पाण्यात विखुरलेली स्निग्धताच झाली, ते का फेटलं जाऊ नये? आणि ते फेटलं जातं. क्रीम नाही, अंडं नाही. फ्रेंचमध्ये फेटलेल्या क्रीमला शांतिई म्हणतात, म्हणून याला चॉकलेट शांतिई हे नाव. तुझ्यासाठी पाण्याच्या जागी कॉफी घालू.

७० टक्के कोकोचं चॉकलेट २०० ग्रॅम, कॉफी १८० मिली, दाट. गोड हवं असेल तर एक-दोन चमचे साखर कॉफीतच विरघळव. दोन्ही एकत्र मंद आचेवर ठेवून गुळगुळीत कर. आता मोठ्या भांड्यात बर्फ आणि थोडं पाणी घे, त्यात चॉकलेटचं भांडं बसव आणि व्हिस्कने फेटायला लाग. पहिली काही मिनिटं काहीही होत नाही. पातळ कॉफीसारखं हलत राहतं आणि वाटतं, ताईने फसवलं. फेटत राहा. मग व्हिस्कच्या रेषा उमटायला लागतात, रंग फिका होतो आणि तिथून पुढे सगळं भराभर घडतं. रेषा टिकायला लागल्या की भांडं बर्फातून ताबडतोब बाहेर काढ. नंतर ते आपोआपही घट्ट होत जातं, म्हणून थोडं आधीच थांबणं बरं.

जास्त फेटलं जाऊन रवाळ झालं तर? पुन्हा शेगडीवर ठेव, वितळव आणि परत सुरुवात कर. कितीही वेळ गेला तरी पातळच राहिलं तर स्निग्धता कमी पडली. वितळव, ३०-४० ग्रॅम चॉकलेट आणखी घाल, पुन्हा बर्फावर. फेटलेलं क्रीम एकदा लोणी झालं की मागे येत नाही, हे येतं. मोजमापात चूक होईल अशी भीती वाटणाऱ्या माणसाने मूस इथूनच शिकावा असं माझं मत आहे, कॉलेजचा असो की निवृत्त.

चव मात्र सरळ आणि करकरीत लागते. मध्ये दूध नाही, त्यामुळे चॉकलेट जसं असेल तसंच कळतं. पैसे वाचवायचे असतील तर दुसरीकडे वाचव. लेबलवर ‘कोको बटर’ हे शब्द हवेतच.

प्रश्न : कंपाउंड चॉकलेट चालेल का? – काटकसरी

उत्तर : चालणार नाही असं नाही, पण मी वापरत नाही. त्यात कोको बटरच्या जागी दुसरी वनस्पती तेलं असतात. ती सहसा तोंडातल्या ऊबेने पूर्ण वितळत नाहीत, म्हणून टाळूला मेणासारखा थर राहतो. केकवर ओतायला ते सोयीचं. मूसमध्ये चॉकलेटखेरीज लपायला दुसरं काही नाही.

प्रश्न : कपाटातल्या चॉकलेटवर पांढरट डाग आलेत. बुरशी आहे का? – साशंक

उत्तर : बहुधा नाही. ऊब लागून कोको बटर वर आलं की असा पांढरा थर दिसतो. वास ठीक असेल आणि डागांवर केसाळ काही नसेल तर वितळवा, मूसमध्ये काहीही फरक पडत नाही.

प्रश्न : मूस अप्रतिम झाला, पण कॉफीची चव लागलीच नाही. नुसतं चॉकलेट चांगलं लागलं. पुढच्या वेळी कॉफी दुप्पट करू? – कॉफीवेडी

उत्तर : नुसतं चॉकलेट चांगलं लागलं ना? ते कॉफीनेच केलं. कोको आणि कॉफी दोन्ही भाजलेल्या बिया. भाजताना तयार होणारे वासाचे बरेच घटक दोघींत सारखे असतात, त्यामुळे थोडी कॉफी घातली की चॉकलेटचा भाजका वास वर येतो आणि कॉफी स्वतः मागे राहते. १५० ग्रॅम चॉकलेटला १ चमचा कॉफी म्हणजे चॉकलेटचीच चव अधिक ठसठशीत. २ चमच्यांना कॉफी ओळखू येते, पण ५५ टक्क्यांच्या जागी ७० टक्क्यांचं चॉकलेट असेल तर ती पुन्हा दबते, तुमचं तेच झालं असावं. ३ चमच्यांच्या पुढे गेलात तर कडवटपणाच उरतो. त्यावर साखर वाढवाल आणि मग चहाच्या टपरीवरचा सरबती गोडवा येईल. मिठाची चिमूट विसरू नका, मीठ कडूपणा दाबतं. आणि कॉफीचं इसेन्स घालणार असाल तर मला पत्र पाठवू नका.

कॉफीवेड्यांसाठी दुसरी वाट आहे, जरा सावकाशीची. २५ ग्रॅम कॉफीच्या अख्ख्या भाजक्या बिया खलबत्त्यात फक्त फोडा, दळू नका. २५० मिली क्रीममध्ये त्या घाला आणि झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळा. बियांनी थोडं क्रीम पिऊन टाकलेलं असतं, म्हणून आधीच ५० मिली जादा धरलं आहे. मोजून २०० मिली भरलं नाही तर वर थोडं साधं क्रीम घाला. हे क्रीम दिसायला जवळजवळ पांढरं, पण वास कॉफीचं झाकण उघडल्यासारखा. गारव्यात मुरल्यामुळे कडूपणा फारसा उतरत नाही, नुसता सुगंध उतरतो. मी स्वतः बिनसाखरेची कॉफी पिणारी आहे, तरीही मूसमध्ये मला हीच कॉफी आवडते. व्हाइट चॉकलेट घेऊन केलंत तर समोरच्याला रंगावरून काहीच कळत नाही आणि पहिल्या घासाला तो थबकतो. व्हाइट चॉकलेटला २०० ग्रॅम आणि ४० मिली, मिल्क चॉकलेटसारखंच प्रमाण. फक्त ते ४० मिली कॉफीऐवजी साधं दूध घ्या, नाहीतर रंग जाईल.

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षांची आहे आणि मी स्वतः गरोदर आहे. आम्ही दोघींनी हा मूस खावा का? – काळजीत

उत्तर : हिशेब मांडू. दोन छोटे चमचे, म्हणजे साधारण ४ ग्रॅम इन्स्टंट कॉफीत अंदाजे ११५ मिलीग्रॅम कॅफिन. १५० ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये कोकोच्या टक्क्यांनुसार ६५ ते १२० मिलीग्रॅम. सहा वाट्या केल्या तर प्रत्येकीत ३० ते ४०, म्हणजे इन्स्टंट कॉफीच्या अर्ध्या कपाएवढं. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी दिवसाला २०० मिलीग्रॅम आणि इतर प्रौढांसाठी ४०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफिन चिंतेचं नाही असं म्हटलं. तुम्ही एक वाटी खायला हरकत दिसत नाही, पण त्या दिवसाचा चहा-कॉफी त्यात धरा. तुमच्या डॉक्टरांनी काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका.

मुलांसाठी त्याच संस्थेचा आकडा वजनाच्या किलोमागे ३ मिलीग्रॅम आहे. मुलगी २० किलोची असेल तर ६० झाले आणि एका वाटीत त्यातले निम्म्याहून जास्त जातात. तिच्यासाठी कॉफी काढून नुसतं गरम पाणी घाला, मिल्क चॉकलेट वापरा, किंवा डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी घ्या. आणि रात्रीच्या जेवणानंतर नको. कॅफिनचं प्रमाण शरीरात निम्म्यावर यायला निरोगी प्रौढालासुद्धा साधारण पाच तास लागतात. माझी बहीण रात्री दहाला मूस खाते, दोनला मला मेसेज करते की झोप येत नाही, आणि कारण काय असेल म्हणून विचारते.

प्रश्न : अस्सल मूसमध्ये कच्ची अंडी असतात ना? तुम्ही का नाही घालत? – अस्सलप्रेमी

उत्तर : असतात, आणि फेटलेल्या पांढऱ्याने मूस जो हलका होतो तो क्रीमने होत नाही, हे मान्य. पण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला या जिवाणूचा संसर्ग होऊ शकतो आणि लहान मुलं, वयस्कर माणसं, गरोदर स्त्रिया, आजारी माणसं यांना तो महागात पडतो. वाचकांच्या घरी टेबलाशी कोण बसलंय ते मला दिसत नाही, म्हणून मी कृतीत अंडं देत नाही. तुम्हाला घालायचंच असेल तर तीन बलक, दोन मोठे चमचे साखर आणि ती ६० मिली कॉफी डबल बॉयलरवर सतत फेटत ७१ अंशांपर्यंत न्या. दाट, फिकट फेस होतो. त्यात चिरलेलं चॉकलेट घालून विरघळवा, पुढचं सगळं तसंच. इथे थर्मामीटर हवाच, कारण थोडं पुढे गेलात की बलकाची भुर्जी.

प्रश्न : दूध-अंडी काहीच खात नाही. – निव्वळ वनस्पती

उत्तर : ‘खोलीवरचा’ला दिलेलं उत्तर वाचा, डार्क चॉकलेटमध्ये दूध नाही हे लेबलवर तपासून घ्या आणि तुमचं काम झालं. आणखी हलकं हवं असेल तर काबुली चणे शिजवलेलं पाणी. हसू नका. जोएल रोसेल या फ्रेंच गायकाने २०१४ साली दाखवून दिलं की ते पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फेटलं जातं. डब्यातल्या चण्यांचं बिनमिठाचं पाणी १२० मिली, थोडा लिंबाचा रस, इलेक्ट्रिक बीटरने आठ-दहा मिनिटं, कडक होईपर्यंत. घरी शिजवलेलं असेल तर अंड्याच्या पांढऱ्याइतकं दाट होईपर्यंत आटवून गार करा. चॉकलेटमध्ये मिसळताना फेस बराच बसतो, त्याने निराश होऊ नका, फ्रिजमध्ये चॉकलेट त्याला धरून ठेवतं. चण्याची चव? कॉफी असताना मला तरी लागली नाही.

प्रश्न : घरात फक्त कोको पावडर आहे. – आयत्या वेळची

उत्तर : मग मूससारखं काहीतरी होईल. २० ग्रॅम कोको आणि १ चमचा कॉफी थोड्याशा उकळत्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा आणि पूर्ण गार करा. २०० मिली क्रीम, ४० ग्रॅम पिठीसाखर आणि हे मिश्रण एकत्र फेटा. कोको पावडरमधून बरंचसं कोको बटर काढून घेतलेलं असतं, त्यामुळे हे घट्ट बसत नाही. त्याच दिवशी संपवा.

प्रश्न : साखर वेगळी घालावी का? – गोडघाशी

उत्तर : ५५ टक्क्यांच्या चॉकलेटमध्ये उरलेले ४५ टक्के बहुतांशी साखरच असते. म्हणजे १५० ग्रॅममध्ये साठ-पासष्ट ग्रॅम साखर आधीच आत आहे. चाखून बघा, मग ठरवा. घालायची तर क्रीममध्ये १ मोठा चमचा पिठीसाखर.

प्रश्न : शनिवारी वीस जण येणार आहेत. मूस किती आधी करून ठेवता येईल? वर काय घालू? – यजमान

उत्तर : शुक्रवारी करा. दुसऱ्या दिवशी कॉफी मुरलेली असते, चव उलट चांगली लागते. कृतीच्या चौपट करावं लागेल, चोवीस वाट्या होतील. चॉकलेट एकदम वितळवा, पण क्रीम एका वेळी ४०० मिलीच फेटा. ८०० मिली एकत्र घेतलंत तर भांड्याच्या तळाशी पातळ आणि कडेला लोणी होतं. ते फेटलं की दुप्पट फुगतं, तेव्हा भांडं मोठं घ्या, आणि खोली गरम असेल तर भांडं व बीटरची पाती आधी पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा.

एका मोठ्या भांड्यात सेट करू नका. लहान वाटी तीन तासांत सेट होते, मोठ्या भांड्याचा मधला भाग रात्रभर घेतो आणि वाढताना पहिल्या डावालाच त्याची कळा जाते. वाट्या नीट झाका. क्रीम आणि चॉकलेट फ्रिजमधले वास ओढून घेतात, कापलेला कांदा शेजारी असेल तर वीसही जणांना कळेल. अंडं नसलेला मूस फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस चांगला राहतो. वाढायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढा, फार गार असताना चवही कळत नाही आणि चमचाही नीट जात नाही.

वर काही घालायचंच असेल तर कॉफीची बी भरड कुटून चिमूटभर भुरभुरवा, तीही वाढताना. आदल्या दिवशी घातलीत तर ओलावा धरून मऊ पडते.